सहा जोड हातमोजे

ओव्हनमधला ट्रे ह्यांनी बाहेर काढला, दोन पावलं टाकली आणि एकदम टेबलावर आदळला. नानकटाया उडाल्या, चार-पाच जमिनीवर पडल्या.

"निघंना! वैजू, निघंना ह्यो!" ते हात झटकत ओरडले.

मी विणलेला निळा हातमोजा त्यांच्या बोटांना चिकटला होता. जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. मी मोजा मनगटाकडून धरून जोरात ओढला, तेव्हा निघाला. दोन बोटांवर निळा चिकट डाग राहिला होता आणि त्याच्या कडेची कातडी लाल झाली होती. मानेकाकूंनी पाण्याची बादली पुढं सरकवली. ह्यांनी हात बुडवला आणि माझ्याकडं बघून कसनुसं हसले.

कमांडिंग साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मेमसाब, खुर्चीतून उठून आल्या. त्यांनी तो मोजा चिमटीत धरून बघितला. तळव्यापाशी लोकर वितळून तिचा कडक पापुद्रा झाला होता.

"ही लोकर नाहीच," त्या हिंदीत म्हणाल्या. "नकली धागा आहे. खरी लोकर अशी वितळत नाही. सैल आणि मोठं विणायचं, मग गरम पाण्यात साबण लावून घोळायचं. आटून जाड होतं. मी बाहेरदेशी पाहिलंय." मग मानेकाकूंकडं वळून म्हणाल्या, "सहा जोड हवेत. जनरल साहेबांच्या मॅडम येतील तेव्हा त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या पाहुण्यांना आपल्या बायकांच्या हातचं काहीतरी द्यायचंय. ही मुलगी करेल ना?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी हात बादलीत ठेवूनच मान डोलावली. "करेगी, मेमसाब. जरूर करेगी."

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. कुमाऊँच्या डोंगरात आमच्या पलटणीची छावणी होती. माझे यजमान, आनंदा जाधव, पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होते. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. बायकांच्या कल्याण केंद्रात केक-बिस्किटं शिकवायला नवा ओव्हन आला, तो चालू करून द्यायला त्यांना बोलावलं होतं. मानेकाकू म्हणजे सुभेदार मानेसाहेबांच्या पत्नी. कागलच्या. जवानांच्या बायकांकडून काम करून घ्यायचं झालं की मेमसाब त्यांना सांगत आणि त्या आम्हाला.

मी एकोणीस वर्षांची होते. खटाव तालुक्यातलं आमचं गाव, वडूजच्या कॉलेजात बारावीला होते आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर लग्न ठरलं. नवरा सुट्टीवर आलाय, परत कधी येईल सांगता येत नाही, म्हणून घाई. परीक्षा बुडाली. लग्नानंतर ह्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं आणि मी दोन ट्रंका घेऊन इकडं आले. एका ट्रंकेत भांडी, दुसरीत पुस्तकं. आमच्या कॉलेजातल्या घोरपडे सरांनी वडिलांना सांगून माझं नाव पुन्हा परीक्षेला घातलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी पेपर सुरू होणार होते. मला फक्त वेळेवर वडूजला पोचायचं होतं. पण मी साताऱ्याच्या पुढं कधी एकटी गेले नव्हते. इथून बस, मग रेल्वे, दिल्लीत स्टेशन बदलायचं, मग दुसरी रेल्वे. ह्यांना सुट्टी मिळाली तरच माझं जाणं होतं.

सुट्टीचं मी दिवाळीपासून विचारत होते. दर वेळी एकच उत्तर.

"बघू की. साहेबांचा मूड बघून इचारतो."

त्या दिवशी केंद्रातून घरी परत येताना चढावर मी चिडून म्हणाले, "तुम्ही हो का म्हणालात? माझा अभ्यास कधी होणार? दुपारचेच तर चार तास मिळतात."

ते फुंकर घालून बोटं गार करत होते. "आगं येडे, डोकं चालीव जरा. मेमसाब खूश झाल्या तर साहेब न्हाई म्हणतील व्हय सुट्टीला? म्हणून तर तुझं नाव मीच सुचिवलं मानेकाकूला. म्हणलं, आमची वैजू लई झ्याक इणती."

मला ते पटलं. इतकं पटलं की मला स्वतःचाच राग आला, हे आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून. सुट्टीच्या बदल्यात सहा जोड. ठीक आहे. विणून टाकू.

खरी लोकर बाजारात एका भोटिया, म्हणजे तिथल्या मेंढपाळ जमातीतल्या, म्हाताऱ्या बाईकडं मिळाली. हाताने कातलेली, जाडीभरडी, मेंढीचा वास असलेली. आमच्याकडं धनगर घोंगडी विकायला आणत, तसाच वास. ती बोटांना टोचायची. मी मोठ्या सुया घेतल्या आणि मेमसाबांनी सांगितल्याप्रमाणे सैल विणायला बसले. विणून झाल्यावर तो मोजा एखाद्या राक्षसाचा वाटत होता. ह्यांनी तो हातात घातला तर कोपरापर्यंत आला.

"ह्यात तर आपलं अख्खं पोरगं झोपंल," ते म्हणाले.

"आधी होऊ दे तर," मी म्हणाले आणि दोघंही हसलो.

आटवायचं काम एका रविवारी केलं. ह्यांनी लंगरातून उकळत्या पाण्याची किटली आणली, कपडे धुवायचा बार साबण किसून टाकला आणि बाह्या सरसावून खाली बसले. मी मोजा पाण्यात बुडवून दोन्ही तळव्यांत चोळत होते, हात पोळले की ते घेत होते. पाणी राखाडी झालं. बराच वेळ काहीच होईना. लोकर उलट आणखी ढिली पडली, फेसात लोळागोळा झाली. मला रडू यायला लागलं. आणि मग एका क्षणी ती बोटांखाली घट्ट व्हायला लागली. टाके दिसेनासे झाले. एकेक टाका दुसऱ्यात शिरत होता. ह्यांनी मोजा गार पाण्यात टाकला, परत गरम, परत गार. बाहेर काढला तेव्हा तो जाड, मऊ, घोंगडीसारखा झाला होता.

"आयला!" ते म्हणाले. "हे तर कापडच झालं की!"

मी इतकी खूश झाले की दुसरा मोजा त्याच दमात करायला घेतला. आणि तो बिघडला. ह्या वेळचं पाणी जास्त गरम असेल, किंवा मी जास्त चोळला असेल. बाहेर काढला तर अंगठा आत ओढला गेलेला आणि उंची पहिल्याच्या निम्मी. जोड लावून ठेवला, तर एक बापाचा आणि एक लेकाचा.

पुढचा सगळा महिना असाच गेला. विणलं की आटवायचं, आटवलं की बघायचं, बिघडलं की परत विणायचं. आटलेली लोकर उसवत नाही. कात्रीनंही नीट कापत नाही. तीन दिवसांचं काम सरळ टाकून द्यावं लागायचं. ओले मोजे वाळायचे नाहीत, बाहेर बर्फ होतं. खोली गरम ठेवायला रॉकेलची बुखारी असायची, तिच्याभोवती दोरी बांधून मी ते टांगायचे आणि खोलीत ओल्या मेंढ्यांचा कळप बसल्यासारखा वास यायचा. मांडीवर इंग्रजीचं पुस्तक उघडं ठेवून मी विणायचे. इतिहास, राज्यशास्त्र हे तोंडानं म्हणत विणता यायचं. इंग्रजी जमायचं नाही. दोन ओळी वाचल्या की टाका सुटायचा, टाका उचलला की ओळ हरवायची. एकदा वर टांगलेल्या मोज्याचं पाणी पुस्तकावर ठिबकत राहिलं आणि निबंधाच्या धड्याची सगळी पानं फुगून एकमेकांना चिकटली. मी ते पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. मग उठून उचलून आणलं आणि बुखारीजवळ एकेक पान सुटं करत बसले.

तीन जोड झाल्यावर मानेकाकू ते मेमसाबांना दाखवायला घेऊन गेल्या. संध्याकाळी परत घेऊन आल्या.

"आवडले का?" मी विचारलं.

"आवडले गं. पण मनगटाला पलटणीच्या रंगाचा पट्टा पाहिजे म्हणत्यात. हिरवा आन् लाल."

"आता? आटवल्यावर? वरून कसा लावू पट्टा?"

"मी काय सांगू बाई. नवीन करायचे म्हणत्यात."

"काकू, माझी परीक्षा आहे."

मानेकाकूंनी माझ्याकडं बघितलं. बोलायला कडक असल्या तरी बाई वाईट नव्हती. "कधी जाणार हायस?"

"ह्यांना सुट्टी मिळाली की."

"बरं," त्या म्हणाल्या आणि काहीतरी बोलता बोलता थांबल्या. मी तेव्हा त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त हिरवा आणि लाल पट्टा होता.

लाल लोकर विणली. आटवताना तिचा रंग सुटला आणि पांढरा मोजा गुलाबी झाला. पुढच्या वेळी रंग सुटला नाही, पण लाल पट्टा बाकीच्यापेक्षा कमी आटला आणि मनगट झालरीसारखं फुललं. मी रात्रंदिवस चिडलेली असायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं. ह्यांच्यावर चिडायची, लोकरीवर चिडायची, ज्या मेमसाबांनी आयुष्यात स्वतः ट्रे उचलला नसेल त्यांच्यावर चिडायची. माझा नवरा लंगरातली तापलेली पातेली फाटक्या पोत्याच्या चिंधीनं धरून उतरवत होता आणि मी नवऱ्यासाठी नाही, न बघितलेल्या पाहुण्यांसाठी मोजे विणत होते.

"एक जोड तुम्हाला ठेवू का?" मी एकदा विचारलं.

"मला? लंगरात मोजं घालून गेलो तर पोरं हासून मारतील," ते म्हणाले. मग जवळ बसून माझे हात हातात घेतले. साबणानं आणि गरम पाण्यानं माझ्या बोटांची टोकं फाटली होती. त्यांनी त्यांना खोबरेल तेल लावलं. एकेक बोट, सावकाश. "झालंच की आता," ते म्हणाले. "जरा दम धर."

"सुट्टीचं विचारलंत का?"

"पाव्हणी येऊन गेली की इचारतो. आधी इचारलं तर इस्कुटायचं."

फेब्रुवारीच्या मध्याला सहा जोड झाले. दोन्ही हात सारखे, अंगठे जागेवर, मनगटाला हिरवा-लाल पट्टा. मी ते पलंगावर ओळीनं मांडले आणि बराच वेळ बघत उभी राहिले. आनंद झाला असं नाही म्हणता येणार. सुटका झाली. आता दहा दिवसांवर पेपर होते, आणि इंग्रजीचं अर्धं पुस्तक राहिलं होतं. गाडीत वाचू असं मी मनाशी ठरवलं.

पाहुण्या आल्या त्या दिवशी लख्ख ऊन होतं. कल्याण केंद्रापुढच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. पलीकडच्या लांब टेबलावर ह्यांनी आणि लंगरातल्या दोघांनी केक, समोसे, चहा लावला होता. ह्यांनी पांढरा कडक इस्त्रीचा कोट घातला होता. जनरल साहेबांच्या मॅडमनी मोजे हातात घातले, गालाला लावून बघितले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर मेमसाब थेट माझ्याकडं आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"फार छान केलंस. इतकं नीट होईल असं मला वाटलं नव्हतं. सांग, तुला काय हवं?"

ह्या प्रश्नाची मी दीड महिना वाट बघत होते. हिंदीतलं वाक्य मी घोकून ठेवलं होतं, तरी जीभ अडखळली. "मेमसाब, मला काही नको. ह्यांना वीस दिवस सुट्टी मिळू दे. माझी बारावीची परीक्षा आहे. मला गावी पोचवायला कुणी नाही."

"परीक्षा?" त्यांना नवल वाटलं. "मग हे तू आधी का नाही सांगितलंस? मी दुसऱ्या कुणाला काम दिलं असतं." त्यांनी जवळच उभ्या असलेल्या मानेसाहेबांना हाक मारली. "सुभेदार साहेब, स्वयंपाकी जाधवची सुट्टी का अडवली? हिची परीक्षा आहे म्हणे."

मानेसाहेब गोंधळले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं, मग पुन्हा मेमसाबांकडं.

"अडवली नाही, मॅडम. त्यानं मागितलीच नाही."

"कधीच?"

"डिसेंबरात मी स्वतः विचारलं त्याला. म्हटलं, तुझी सुट्टी शिल्लक आहे, फेब्रुवारीत कुणी जात नाही, जातोस का? तर म्हणाला, मे महिन्यात घेतो, घरी आंबे असतात."

मानेकाकूंनी माझ्या दंडाला धरलं. त्यांना माहीत होतं, हे मला त्यांच्या धरण्यातूनच कळलं. मी लांबच्या टेबलाकडं बघितलं. हे उरलेला केक कापून लंगरातल्या पोरांना वाटत होते. कुणीतरी काहीतरी विनोद केला असावा, मान मागं टाकून हसत होते.

मी मेमसाबांना नमस्कार केला आणि घरी चालत आले.

घरी आल्यावर मी पुस्तकांची ट्रंक पलंगाखालून ओढली आणि तिच्यात कपडे भरायला सुरुवात केली. अंधार पडायच्या सुमाराला हे आले. हातात कागदात गुंडाळलेला केक होता. दारातच थांबले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

"वैजू."

मी साडीची घडी घालत राहिले.

"आगं, जेव तरी आधी."

"तुम्ही सुट्टी मागितली होती का?"

ते पलंगावर टेकले. केकचा पुडा मांडीवर.

"हो की नाही, एवढंच सांगा."

"न्हाई."

"आणि माझं नाव मानेकाकूंना तुम्हीच सुचवलंत."

"व्हय."

"म्हणजे मी विणत बसावं म्हणून. दुपारचा वेळ जावा म्हणून."

मला वाटलं होतं ते काहीतरी कारण सांगतील. साहेब रागीट आहेत, गाड्यांना गर्दी आहे, काहीतरी. मग मला भांडता आलं असतं. त्यांनी काहीच सांगितलं नाही, त्यामुळं माझा राग आणखी चढला. मी दोरीवर उरलेला एक बिघडलेला मोजा ओढला आणि त्यांच्या अंगावर फेकला. तो त्यांच्या छातीला लागून खाली पडला. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"माझी बोटं बघितलीत तुम्ही! तेल लावत बसला होतात! तेव्हा तरी सांगायचं!"

"सांगणार हुतो."

"कधी? परीक्षा झाल्यावर?"

"मला वाटलं, इसरशील. कामात रमलीस की इसरशील."

"मी काय लहान पोर आहे विसरायला? का नको होती मला परीक्षा, तेवढं तरी सांगा. बायको जास्त शिकलेली चालत नाही का तुम्हाला?"

"तसं न्हाई गं." ते केकच्या पुड्याचा कागद सारखा करत राहिले. ते आठवीपर्यंत शिकलेले, आणि बोलण्यात एरवी कुणाला हार जाणारे नव्हते. त्या दिवशी त्यांना शब्द सापडत नव्हते. "बारावी झालीस की पुढचं आलं. मग डीएड. मग म्हणशील, गावातच शाळा मिळाली. मग हितं कशाला येशील तू? क्वार्टर मिळतंय दोन वर्षं. त्यातलं एक आसंच गेलं." त्यांनी पुडा पलंगावर ठेवला. "आठ वर्षं लंगरात हजार माणसाला वाढलं मी. मला कुणी वाढलं न्हवतं. तू आल्यावर पयल्यांदा ताटावर बसून जेवतोय."

मी ट्रंकेचं झाकण धरून उभी होते. मला त्यांचं ते बोलणं ऐकू आलं, पटलंही असेल, पण त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता. माझा दीड महिना गेला होता. तो त्यांनी घेतला होता, आणि घेताना माझ्याशी इतकं गोड वागले होते की मला कळलंही नाही.

"हे मला दिवाळीला सांगितलं असतं तर?" मी म्हणाले. "मी आले नसते का परत? तुम्ही विचारून तरी बघायचं होतं."

त्यांनी जमिनीवरचा मोजा उचलला आणि परत दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मानेसाहेबांचा निरोप आला. सुट्टी मंजूर आहे, परवा निघा. हे धावतच घरी आले. "मिळाली! बघ, मिळाली. चल, मी पोचिवतो तुला. पार वडूजला."

"नको."

"म्हंजी?"

"तुमची सुट्टी मेमध्येच घ्या. आंबे असतात तेव्हा. मला काठगोदामला गाडीत बसवून द्या, पुढं मी जाते."

"आगं, दिल्लीत स्टेशन बदलायचं आसतं! तू एकटी—"

"तुम्ही आलात तर तीन दिवस तुमच्याशी बोलावं लागेल," मी म्हणाले. "मला इंग्रजी वाचायचंय."

ते काठगोदामपर्यंत आले. बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. मला उलट्या होत होत्या, त्यांनी खिडकीची जागा दिली आणि माझं कपाळ धरलं, तेवढंच. स्टेशनवर त्यांनी डब्यात ट्रंक चढवली, बाकाखाली साखळी लावली, किल्ली माझ्या हातात दिली. समोरच्या बाकावर एक म्हातारं सरदारजी जोडपं होतं. ह्यांनी त्यांना हात जोडून काहीतरी सांगितलं. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर चालत आले नाहीत. जागच्या जागी उभे राहिले.

दिल्लीला मी भ्यायले. खोटं कशाला बोलू. स्टेशनच्या बाहेर आल्यावर सगळ्या दिशा सारख्याच दिसत होत्या. सरदारजींनी रिक्षा ठरवून दिली, ती मला दुसऱ्या स्टेशनवर घेऊन गेली. फलाटाचा नंबर मी चार जणांना विचारला, चौघांनी तीन वेगवेगळे नंबर सांगितले. शेवटी मी ट्रंकेवर बसून राहिले आणि दर गाडीच्या डब्यावरची पाटी वाचली. साताऱ्याचं नाव दिसल्यावर ट्रंक ओढत त्या डब्याकडं धावले.

पेपर दिले. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल चांगले गेले. इंग्रजीच्या दिवशी निबंधाचं पान समोर आलं आणि मला काही आठवेना. बुखारीजवळ सुटी केलेली पानं आठवली, त्यांच्यावरची अक्षरं नाही.

वडील म्हणाले, "निकाल लागंपर्यंत राहा." आईही म्हणाली. रागावून माहेरी बसण्याइतका राग माझ्यात होता. पण एप्रिलमध्ये मी त्याच वाटेनं परत गेले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, आणि पोचवायला येतो म्हणणाऱ्या भावाला मीच नको म्हटलं. हे काठगोदामला घ्यायला आले होते. दाढी वाढलेली. "कसं गेलं?" त्यांनी विचारलं. "इंग्रजी अवघड होतं," मी म्हणाले. घरी पोचल्यावर मी स्वयंपाक केला आणि ताट वाढलं. ते जेवले. आम्ही बोलत होतो, पण जपून, तापलेल्या भांड्याला हात लावावा तसे. मे महिना आला आणि गेला. ते सुट्टीवर गेले नाहीत, मीही विषय काढला नाही.

जूनमध्ये वडिलांचा फोन पलटणीच्या एक्स्चेंजवर आला. आम्हाला घरी फोन नव्हता, निरोप ह्यांनाच मिळाला. भरदुपारी ते लंगरातून आले, पिठाच्या हातांनी. दारात उभे राहिले. मी ओळखलं.

"इंग्रजी ऱ्हायलं," ते म्हणाले. "पाच मार्कांनी. बाकीचं समदं निघालं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं रोखून बघत होते. मला तिथं समाधान शोधायचं होतं. एवढंसं जरी सापडलं असतं, तर मी त्या दिवशी ट्रंक भरून कायमची गेले असते, हे आजही नक्की सांगते. ते खाली बघत होते. त्यांनी पीठ लागलेला हात कपाळाला लावला, तिथं पांढरा पट्टा उमटला, आणि त्यांना तो पुसायचं सुचलं नाही.

"माझ्यामुळं ऱ्हायलं," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं नाही. ते खरंच होतं.

"ऑक्टोबरला परत बसणार मी," मी म्हणाले.

"मी पोचिवतो."

"कशाला? मला रस्ता माहीत झालाय."

ते उंबऱ्यावरच बसले. बाहेर चीडच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांतून वारा येत होता. कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांची मोजणी ऐकू येत होती. पोरींचा डाव मोडला, पुन्हा सुरू झाला.

"मग मी येऊ का न्हाई?" त्यांनी विचारलं. मान वर न करता. लंगरात मोठमोठ्यानं ओरडणाऱ्या माणसाचा तो आवाज वाटत नव्हता.

मी चुलीवरचा चहा उतरवला, दोन कपांत ओतला, एक त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर ठेवला आणि दुसरा घेऊन आतल्या बाजूला टेकले.

"मागा की सुट्टी," मी म्हणाले. "मिळते का बघू."